सूर्याकडं तोंड करून फोटो: सिल्हूट आणि बॅकलाइटचं सगळं काही, नागपुरातून

लहानपणी आमच्याकडं फोटो म्हटलं की बाबांचा एकच नियम, सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागं पाहिजे. त्यामुळं आमच्या अल्बममधले अर्धे फोटो असे आहेत की सगळं खानदान कपाळाला आठ्या पाडून, डोळे किलकिले करून कॅमेऱ्याकडं बघून राहिलंय आणि भोवती नागपूरचं ते पांढरंफट्ट ऊन. बाबांचंही चूक नव्हतं म्हणा, रोलमध्ये ३६ फोटो आणि धुवून येईस्तोवर काय आलं ते कळायचं नाही, मग रिस्क कोण घेणार. आता फोटो फुकट आहे, स्क्रीनवर लगेच दिसतो, त्यामुळं सूर्य खुशाल समोर घ्या.

माझा पहिला सिल्हूटचा, म्हणजे उजळ आकाशासमोर नुसती काळी आकृती टिपायचा प्रयत्न अंबाझरी तलावाच्या पाळीवरचा, म्हणजे बांधावरचा. मित्राला पाण्याच्या बाजूला उभं केलं, सूर्य बरोबर त्याच्या मागं, नेटवर वाचून सेटिंग लावून ठेवलेल्या, आकाश मस्त संत्र्यासारखं आलं. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर पाहिलं तर पठ्ठ्या खांद्यापासून खाली पलीकडच्या काठावरच्या झाडांमध्ये विरघळून गेलेला, काळ्यात काळं, वर नुसतं मुंडकं तरंगून राहिलं होतं. "काऊन बे, मुंडकं उडवलं का माझं," असं तो अजूनही म्हणतो. एक्सपोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घेतला ते, एकदम बरोबर होतं, चुकलं होतं ते माझं उभं राहणं, मी ताठ उभा राहून डोळ्याच्या उंचीवरून फोटो घेतला म्हणून क्षितिज त्याच्या मानेपाशी आलं. बसलो असतो तर काम झालं असतं. म्हणून हा लेख सेटिंगपासून सुरू करत नाही, सेटिंग दहा मिनिटांत शिकून होतात. आकृतीच्या मागं काय आहे ते बघायची सवय लागायला मात्र मला दोन हिवाळे लागले.

आधी ठरवा, काळं पाहिजे का कड पाहिजे

बॅकलाइट म्हणजे उजेड वस्तूच्या मागून येतोय, एवढंच. पण त्यातून दोन एकदम वेगळे फोटो निघतात आणि लोक दोन्ही एकदम काढायला जातात, तिथंच गडबड होते.

मागची जागा उजळ असेल, म्हणजे आकाश, चमकणारं पाणी, उघडं दार, तर समोरची वस्तू काळी पडते, हा सिल्हूट. मागची जागा अंधारी असेल, म्हणजे सावलीतली भिंत, दाट झाड, बंद दुकानाचं शटर, आणि सूर्य तिरका मागून येत असेल, तर वस्तूच्या कडेनं उजेडाची रेघ उमटते, केस पेटल्यासारखे दिसतात, वाफ, धूळ, धूर सगळं चमकायला लागतं. त्याला रिम लाइट म्हणतात. सूर्य तोच, वेळ तीच, माणूस तोच, तुम्ही चार पावलं सरकले की फोटोची जातच बदलते. जागेवर पोचल्यावर पहिलं काम हे, की कॅमेरा पिशवीतच ठेवायचा आणि माणसाभोवती अर्धी चक्कर मारून यायची.

सूर्य कुठं बुडतो आणि किती वाजता

हे ज्याला माहीत नाही तो रोज "अरे थोडं अजून डावीकडं असता तर" म्हणत घरी येतो. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळं डिसेंबरच्या शेवटाला सूर्य बरोबर पश्चिमेच्या २५ अंश डावीकडं, म्हणजे दक्षिणेकडं बुडतो आणि जूनच्या शेवटाला तेवढाच उजवीकडं. दोन्ही मिळून ५० अंशांचा फरक. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंश झाकते, म्हणजे पाच मुठी! डिसेंबरात ज्या झाडाच्या मागं सूर्य बसला होता तिथं मेमध्ये जाऊन उभे राहाल तर सूर्य भलतीकडंच सापडेल. फक्त मार्च आणि सप्टेंबरच्या २१-२२ तारखेच्या आसपास तो नेमका पश्चिमेला असतो.

वेळेचं म्हणाल तर २१ डिसेंबरच्या आसपास इथं सूर्यास्त ५:३७ ला, संक्रांतीला ५:५० च्या पुढं, आणि २१ जूनच्या आसपास ७ ला दोन-तीन मिनिटं कमी. जागेवर किमान ४५ मिनिटं आधी पोचा. किती वेळ उरलाय ते बोटांनी मोजता येतं, हात लांब करून चार बोटं आडवी धरा, सूर्य आणि क्षितिजाच्या मध्ये ती बरोबर बसली तर आपल्याकडं साधारण ३५ मिनिटं हातात आहेत. परदेशी व्हिडिओंमध्ये चार बोटं म्हणजे एक तास सांगतात. त्यांच्याकडं सूर्य तिरका घसरत जातो, आपल्याकडं बराच सरळ खाली पडतो, म्हणून त्या हिशोबावर राहिले तर हमखास चुकाल, मी चुकलोय. मोजताना थेट सूर्याकडं टक लावायची नाही, बोटांच्या आडून बघायचं.

ऋतूचाही फरक पडतो. एप्रिल-मेमध्ये हवेत धूळ एवढी असते की क्षितिजाजवळ आलेला सूर्य तांब्याच्या थाळीसारखा गोल आणि लाल दिसतो, फोटोत त्याची कड स्पष्ट येते. पाऊस संपल्यावर हवा धुतलेली असते, तेव्हा तो बुडेपर्यंत डोळ्यात घुसत राहतो आणि फोटोत नुसता पांढरा डाग येतो, पण ढगांची मजा तेव्हाच. थंडीत सकाळी तळ्यावर धुकं असतं, त्यात मागचं सगळं करड्या पडद्यासारखं होतं आणि नावेत बसलेला माणूस कापून चिकटवल्यासारखा उठून दिसतो. माझी आवड विचाराल तर मेचा सूर्य आणि डिसेंबरची सकाळ, बाकी सगळं त्याच्या खाली.

जागा तशा भरपूर आहेत. अंबाझरीची पाळ तळ्याच्या पूर्वेला आहे, म्हणून पाळीवरून संध्याकाळी पाणी आणि सूर्य दोन्ही समोर येतात. फुटाळा तलावावर गर्दी असते, पण सिल्हूटवाल्याला गर्दी चालते, कणीस खाणारा, फुगेवाला, बापाच्या खांद्यावर बसलेलं पोट्टं, सगळं फुकटचं मटेरियल. वर्धा रोडवर मेट्रोचा पूल साधारण उत्तर-दक्षिण जातो, संध्याकाळी त्याच्या पूर्वेच्या बाजूला उभं राहिलं की मागून उजेड येतो, आणि मेट्रो रिकामी-रिकामी असेल तर डब्याच्या दोन्ही खिडक्यांमधून आकाश आरपार दिसतं आणि त्यात आत बसलेल्यांची डोकी एकेक करून काळी उमटतात. अशा वेळी शटर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, १/५०० सेकंदापेक्षा हळू नेऊ नका, नाहीतर डोकी पुसली जातात. रामटेकला गडावर गेलात तर देवळांची शिखरं आहेतच, नागपूरहून साधारण ५० किलोमीटर, संध्याकाळ धरून निघा.

आकृती अशी निवडा की नाव सांगावं लागू नये

सिल्हूटमध्ये चेहरा नसतो, रंग नसतो, कपड्याचं कापड नसतं, जे काही सांगायचं ते फक्त बाहेरच्या रेषेनं. समोर तोंड करून उभा असलेला माणूस काळा झाला की तो पोतं दिसतो. त्यालाच कॅमेऱ्याला बाजू देऊन उभं करा, नाक, ओठ, हनुवटी दिसू द्या, आता तो माणूस झाला, आणि ओळखीचा असेल तर कोण आहे तेही कळतं.

दुसरं, भोकं पाहिजेत. मी याला भोकंच म्हणतो. हात अंगाला चिकटलेला नको, कोपर आणि कमरेच्या मधून आकाश दिसलं पाहिजे. दोन पाय वेगळे दिसले पाहिजेत, म्हणून चालताना पाऊल सगळ्यात लांब पडतं त्या क्षणी बटण दाबायचं. दोघं जण असतील तर त्यांच्या मध्ये निदान चार बोटं आकाश सोडा, जोडप्यांना हे सांगितलं की ते जरा नाराज होतात, मिठी मारायची असते त्यांना, पण मिठीचं सिल्हूट म्हणजे दोन डोक्यांचा एक ढिगारा. नाकाला नाक लागायच्या आधी थोडं थांबवा, तेवढी फट ठेवा, फोटो त्या फटीत असतो.

सायकल म्हणूनच चांगली, नुसती भोकंच भोकं आहेत तिच्यात. ऑटो नाही चांगला, डबा दिसतो. बैलगाडी चांगली, पण बैल एकमेकांच्या मागं लपले तर आठ पायांचं जनावर तयार होतं, थोडं पुढं किंवा मागं व्हा. झिरो माईलच्या खांबापाशी जे चार दगडी घोडे आहेत ना, त्यांच्यावर हा सराव एकदा करून बघा, घोडे कुठं पळत नाहीत, तुम्हीच भोवती फिरायचं आणि कुठून पाय वेगळे सुटतात, कुठून सगळ्यांची खिचडी होते ते बघायचं. दहा मिनिटांत जे कळतं ते मी इथं लिहून नाही सांगू शकत. झाडांमध्ये कडुनिंब आणि वड नको, ते काळ्या ढगासारखे येतात. बाभूळ चांगली, आणि फेब्रुवारी-मार्चमधला पळस तर एक नंबर, पानं गळलेली असतात आणि वाकड्यातिकड्या फांद्यांवर फुलांचे गुच्छ, एकेक फूल वाघाच्या नखासारखं वळलेलं दिसतं.

आता खाली बसा

खरंच बसा. कॅमेरा जितका खाली, तेवढा माणूस आकाशात वर जातो. पाळीवर, पुलावर, टेकाडावर माणूस उभा असेल आणि तुम्ही उताराच्या खालून बघत असाल तर पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत सगळा माणूस आकाशावर येतो. सपाट जागा असेल तर कॅमेरा गुडघ्याच्याही खाली न्या, फोन असेल तर उलटा धरा म्हणजे लेन्स जमिनीजवळ येते. पँट मळेल, मळू द्या.

मग फ्रेमच्या कडा बघा. डोक्यातून निघालेला विजेचा खांब, कानातून गेलेली वायर, मागून डोकावणारं होर्डिंग. साध्या फोटोत या गोष्टी मागं राहतात, सिल्हूटमध्ये सगळं एकाच काळ्या रंगाचं होतं म्हणून खांब थेट डोक्यालाच उगवतो. अर्धं पाऊल डावीकडं सरकलं की सुटतो. क्षितिज सरळ ठेवा, पाणी तिरकं असलं की तळं सांडल्यासारखं वाटतं.

सूर्य ठेवायचा कुठं? तीन पर्याय. आकृतीच्या पूर्ण मागं लपवला की कडेला झळाळी येते आणि आकाशाचा रंगही वाचतो, सुरुवातीला हेच करा. अर्धा बाहेर काढला, म्हणजे खांद्याच्या किंवा शिखराच्या कडेवर नुसता टेकवला, आणि ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र, बारीक करून एफ/१६ ला नेलं, तर किरणांची चांदणी येते. लेन्सच्या आत हे छिद्र लहान-मोठं करणाऱ्या पात्यांची संख्या सम असेल तर तेवढेच किरण, विषम असेल तर दुप्पट, सात पाती म्हणजे चौदा किरण. फक्त एफ/१६ ला सेन्सरवरचा, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपवरचा, धुळीचा प्रत्येक कण आकाशात ठिपका होऊन बसतो, ते नंतर पुसायची तयारी ठेवा.

तिसरा पर्याय सगळ्यांना पाहिजे असतो, मोठाच्या मोठा सूर्य आणि त्यात माणूस. याचं गणित सोपं आहे. सूर्य आकाशात फक्त अर्धा अंश जागा घेतो, सेन्सरवर त्याचा आकार म्हणजे फोकल लेंथचा, लेन्सवर जो एमएमचा आकडा असतो त्याचा, साधारण शंभरावा भाग. २४ एमएमच्या लेन्सला तो पाव मिलिमीटरचाही नसतो, ३०० ला जवळपास ३ मिलिमीटर. म्हणून फोनच्या साध्या कॅमेऱ्यात सूर्य नेहमी टिकलीएवढा दिसतो, त्यात फोनचा दोष नाही. आणि माणूस त्या गोळ्यात पूर्ण बसवायचा तर माणूसही अर्ध्या अंशाचा दिसला पाहिजे, साडेपाच-पावणेसहा फुटांच्या माणसासाठी ते अंतर येतं साधारण १८० ते १९० मीटर. एवढ्या लांबून ओरडून काही ऐकू जात नाही, फोन कानाला लावून "थोडा उजवीकडं, अजून, बस बस" करावं लागतं, आणि सूर्य सरकत असतो म्हणून तुम्हालाही कॅमेरा उचलून बाजूला पळावं लागतं.

इथंच सावध राहायचं. डीएसएलआरच्या काचेच्या व्ह्यूफाइंडरमधून, त्यातही टेलिफोटो लावून, वर आलेल्या तेजस्वी सूर्याकडं बघायचं नाही, डोळा कायमचा जाऊ शकतो. स्क्रीनवर बघा, आणि तेही सूर्य फ्रेममध्ये तासन्तास ठेवू नका, सेन्सर तापतो. सूर्य लाल आणि मंद झाल्यावरच लांब लेन्स काढायची, हा माझा नियम.

एक्सपोजर: कॅमेऱ्याचं ऐकू नका

कॅमेऱ्याची समजूत अशी असते की जग सरासरीनं मध्यम करडं आहे. समोर माणूस अंधारात आणि मागं पेटलेलं आकाश दिसलं की तो मध्यममार्ग काढतो, आकाश पांढरं फटक पडतं आणि माणूस ना धड काळा ना उजळ, राखेसारखा. आपल्याला मध्यममार्ग नको आहे.

मीटरिंग, म्हणजे कॅमेऱ्याचं उजेड मोजणं, स्पॉटवर टाका, मग तो फक्त मधल्या छोट्या गोलातला उजेड मोजतो. तो मधला छोटा गोल सूर्यावर नाही तर सूर्याच्या बाजूच्या उजळ आकाशावर न्या, तिथलं एक्सपोजर लॉक करा आणि मग फ्रेम परत लावा. असं केलं की कॅमेरा त्या आकाशाला मध्यम उजेडाचं समजतो आणि त्यापेक्षा चार-पाच स्टॉप खाली असलेला माणूस आपोआप काळा पडतो. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा अर्धा, चार स्टॉप म्हणजे सोळापट फरक. फरक एवढा नसेल, म्हणजे आभाळ ढगाळ आहे किंवा माणसाच्या समोरून पांढऱ्या भिंतीचा उजेड परत येतोय, तर काळं नीट होणार नाही, तिथं सेटिंगशी मारामारी करू नका, जागा बदला. लॉक वगैरे झंझट वाटत असेल तर एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्यानं ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सेटिंग, उणे १ ते उणे २ करून बघा.

मी स्वतः मॅन्युअलवरच ठेवतो, कारण सूर्य फ्रेममध्ये आत-बाहेर झाला की ऑटो दर फोटोला वेगळं काहीतरी करतं. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी, सूर्य फ्रेममध्ये असताना, आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) १००, एफ/८, १/१००० पासून सुरू करा. सूर्य क्षितिजाला टेकला की १/२५० च्या आसपास. बुडून दहा-पंधरा मिनिटं झाली की आयएसओ २००, एफ/५.६, १/६०. ही सुरुवात आहे, देवाचं वचन नाही, मेच्या धुळीत आणि ऑक्टोबरच्या आकाशात दोन स्टॉपचा फरक सहज पडतो. फोटो काढला की हिस्टोग्राम बघा, म्हणजे स्क्रीनवरचा तो आलेख, डावीकडं गडद आणि उजवीकडं उजळ. डावीकडं काळ्याचा डोंगर भिंतीला टेकलेला असेल तर घाबरू नका, तेच तर पाहिजे. उजवीकडं मात्र फक्त सूर्याचा गोळा जळलेला चालेल, त्याच्या भोवतीचं आकाश जळलं तर रंग गेला, तो नंतर कुठूनच परत येत नाही.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग सांभाळणारी सेटिंग, ऑटोवर ठेवाल तर कॅमेरा केशरी रंगाला आजार समजून त्यावर इलाज करतो आणि संध्याकाळ दुपारसारखी होते. डेलाइट ठेवा, अजून ऊब पाहिजे तर क्लाउडी. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल, काढत असाल तर नंतरही बदलता येतं.

फोकस सूर्यावर लावू नका, कॅमेरा तिथं पुढं-मागं चाचपडत बसतो. आकृतीची कड धरा, जिथं काळं आणि उजळ एकमेकांना भिडतात, टोपीची कड, सायकलचं हँडल. तिथं लगेच पकडतो. कड मऊ आली तर सिल्हूट मेला, कारण त्याच्याकडं दुसरं काहीच नसतं.

फोनवाल्यांसाठी, म्हणजे आपल्या सगळ्यांसाठी

आजकालचे फोन फार हुशार झालेत आणि इथं तीच अडचण आहे. बटण एकदा दाबलं तरी तो आतल्या आत चार-सहा फोटो काढतो, काही गडद, काही उजळ, आणि ते जोडून सावलीतला चेहरा वर ओढतो. त्याला वाटतं तुम्ही चुकून उन्हासमोर उभे राहिले. या जोडकामालाच एचडीआर म्हणतात, म्हणून आधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ते बंद करता येत असेल तर बंद करा, नाइट मोड बंद, फ्लॅश बंद. मग उजळ आकाशावर बोट ठेवून दाबून धरा, लॉक झाल्याचं चिन्ह येतं, आणि बाजूला जो सूर्याचा आयकॉन किंवा पट्टी दिसते ती खाली ओढा, माणूस पूर्ण काळा होईपर्यंत. एवढं पुरतं बरेचदा.

तरी फोन चेहरा उजळवतच असेल तर प्रो मोडमध्ये जा. फोनच्या ॲपर्चरमध्ये सहसा बदलायला काही नसतं, म्हणून आयएसओ सगळ्यात खालचा ठेवा, ५० किंवा १००, आणि शटर १/१००० वरून वर-खाली करत बसा.

आणि लेन्स पुसा बाप्पा. समोरून ऊन आलं की लेन्सवरचा बोटाचा डाग सगळ्या फोटोवर दुधासारखी साय आणतो. माझ्या एका सकाळचे सगळे फोटो असे धुरकट आले, मी आपला धुकं समजून खुश, नंतर कळलं की ती पोह्यावरची तर्री, म्हणजे चण्याचा तिखट लाल रस्सा होता, बोटावरून लेन्सवर गेलेला. सुती रुमालानं हलक्या हातानं पुसा. कॅमेरावाल्यांनी हूड, म्हणजे लेन्सला सावली देणारी टोपी, लावा आणि समोरचा यूव्ही फिल्टर काढून ठेवा, सूर्य फ्रेममध्ये असला की त्या जादा काचेत हिरवे-जांभळे गोळे नाचतात. सूर्य फ्रेमच्या थोडा बाहेर असेल तर हाताची सावली लेन्सवर पाडा, कॉन्ट्रास्ट लगेच परत येतो, फक्त हात फ्रेममध्ये येऊ देऊ नका.

कडेचा उजेड: तर्री पोह्याची गाडी

सकाळी साडेसात-आठला, थंडीत, पोह्याच्या गाडीवर जा. सूर्य खाली असतो, तिरका येतो. गाडीच्या अशा बाजूला उभे राहा की सूर्य पातेल्याच्या मागून येतोय पण तुमच्या डोळ्यासमोर पातेल्याच्या मागं सावलीतली भिंत किंवा बंद शटर आहे, आकाश नाही. आकाशासमोर वाफ दिसतच नाही, पांढऱ्यावर पांढरं. अंधारासमोर तीच वाफ दोरीसारखी वळत वर जाताना दिसते. भाऊ झाकण उचलतो, पहिले दोन सेकंद वाफेचा मोठा लोट येतो आणि त्याचा हात त्यात हरवतो, ते जाऊ द्या. त्यानंतर तो पोह्यावर तर्रीची पळी उलटी करतो तेव्हा तर्रीची धार लाल काचेसारखी पेटते, आतला एखादा चणा आरपार दिसतो, तो फोटो. एक्सपोजर इथं सिल्हूटइतकं खाली नाही न्यायचं, मीटर चमकणाऱ्या वाफेवर धरा, किंवा साधं उणे २/३ ते उणे १. शटर १/५०० ठेवलं तर धार थांबते, १/६० ला ओघळते. भाऊला आधी विचारा, आणि पोहे घ्या, नुसते फोटो काढून निघून जाऊ नका.

जे जे पातळ आहे, ज्यातून उजेड आरपार जातो, ते सगळं याच प्रकारात. संत्र्याची फोड सोलून खिडकीसमोर धरा, तिच्यातले रसाचे दाणे एकेक वेगळे दिसतात. संक्रांतीला "ओ काट" चालू असतं तेव्हा सगळे पतंग उडवणाऱ्यांचे काळे फोटो काढतात, काढा, चक्री धरलेली पोरगी, आकाशाकडं ताणलेले हात, पण एखादा पतंग सूर्याच्या समोर आला की त्याचा कागद कंदिलासारखा उजळतो आणि आतल्या काड्यांचा सांगाडा दिसतो, तिथं एक्सपोजर अर्धा-एक स्टॉप वाढवा. मांजाही उजेडात चमकतो, पण फक्त अंधाऱ्या झाडासमोर, आकाशासमोर तो गायब असतो. नायलॉन मांजाच्या आसपास गळा सांभाळा, आणि गच्चीच्या कठड्याकडं पाठ करून मागं मागं जाऊ नका, फोटोच्या नादात लोक पडलेत.

घरातल्या घरात सराव

सूर्यास्त रोज मिळत नाही, पण दार रोज उघडतं. खोलीतले सगळे दिवे बंद, एक दार किंवा खिडकी उघडी, तुम्ही अंधाराच्या बाजूला. आमची आजी दुपारी दारात बसून तांदूळ निवडते. मी आतून फोटो घेतो, मीटर बाहेरच्या अंगणावर. ती सूप वर करून पाखडते तेव्हा सूप आणि तिच्या मांडीच्या मध्ये उजेडाची फट पडते आणि हवेतला कोंडा त्या फटीत चमकतो. बाकी वेळ ती नुसती काळी टेकडी दिसते. ती म्हणते, "माह्या तोंडावर लाइट लाव ना रे, मी काय अशी काळी आहो का." तिला तिच्या पसंतीचा एक वेगळा काढून द्यावा लागतो, तो तह झालेला आहे.

माणूस नसेल तर तान्हा पोळ्याचा लाकडी बैल कपाटावरून काढा, खिडकीत ठेवा, काचेवर पांढरा कागद चिकटवा म्हणजे मागं सारखा उजेड येतो. शिंगं, वशिंड, चाकं, सगळं बाह्यरेषेतच आहे. थोडं थोडं फिरवत वीस फोटो काढा.

एडिट आणि प्रिंट

एडिटिंगमध्ये शॅडोजच्या, म्हणजे गडद भाग उजळवणाऱ्या, पट्टीला हात लावू नका, वर नेली की काळ्यातून करडा कचरा आणि नॉइज, म्हणजे रवाळ ठिपके, बाहेर येतो. उलट ब्लॅक्स खाली ओढा, आकृती पूर्ण काळी करा, मग कॉन्ट्रास्ट. हायलाइट्स थोडे खाली आणले तर सूर्याभोवतीचा रंग दिसतो. सॅच्युरेशन वाढवायचा मोह होतो, मलाही होतो, पण नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये ते जास्त झालं की आकाशात पट्ट्या पडतात, गुळगुळीत केशरी जाऊन पायऱ्या दिसतात. रॉ असेल तर थोडी जास्त मोकळीक. फोटो एकदा अगदी छोटा करून, अंगठ्याच्या नखाएवढा करून बघा, तेवढ्यातही काय आहे ते कळत असेल तर आकृती जमली.

प्रिंट काढायची तर दोन गोष्टी. स्क्रीन स्वतःच्या उजेडानं चमकते, कागद नाही, म्हणून प्रिंट नेहमी थोडी गडद वाटते, आकाश पाव ते अर्धा स्टॉप उजळ करून द्या, काळं तसंच ठेवा. आणि लॅबमध्ये तोंडी सांगून या. मी एकदा अंबाझरीचाच, दुसऱ्या खेपेचा, मुंडकं-धड सगळं असलेला फोटो मोठा करायला दिला होता. घ्यायला गेलो तर मित्राचा चेहरा करडा, ठिपक्याठिपक्यांचा, डोळे पण दिसून राहिलेले, आणि आकाश फिक्कं. लॅबवाला मोठ्या प्रेमानं म्हणाला, "दादा, फोटो पूर्ण काळा आला होता तुमचा, दुरुस्त करून दिला, त्याचे पैसे नाही लावले." तेव्हापासून मी फाइलच्या नावातच लिहून देतो, "काळा आहे, काळाच ठेवा", आणि ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगतो.